पोट कुठलं आहे, ते आधी ठरवा

“कितवा महिना?”

लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवाला, सोसायटीच्या लिफ्टमध्ये हा प्रश्न विचारला जातो. जिला विचारतात तिचं मूल तेव्हा बालवाडीत जात असतं. विचारणारी पुढे निघून जाते आणि ऐकणारीचा तो दिवस नासतो. हा प्रश्न विचारणं बंद करा. कोणालाही, कधीही. बाई गरोदर असेल तर ती स्वतः सांगेल. तुम्ही ओळखून दाखवायची गरज नाही.

त्या रात्री ती बाई फोनवर पोट कमी करायचे उपाय शोधते आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या पुढ्यात फोटो येऊ लागतात. आधीचं पोट, नंतरचं पोट. बिनव्याजी हप्ते. ‘मॉमी मेकओव्हर’चं पॅकेज. डॉक्टरने जाहिरातबाजी करून रुग्ण मिळवणं २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेने अनैतिक ठरवलं आहे, तरी हे फोटो थांबलेले नाहीत. एका बाजूने टोमणा, दुसऱ्या बाजूने सवलत. मधल्या मध्ये जी माहिती हवी ती कोणीच देत नाही.

म्हणून या आठवड्यात टमी टक, म्हणजे पोटावरची जास्तीची कातडी कापून पोट आवळायची शस्त्रक्रिया.

आधी एक सांगून टाकते. मी या शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही. आपल्या शरीराचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, आणि त्याचं स्पष्टीकरण शेजाऱ्यांना द्यावं लागू नये. ‘नटवेपणा’ म्हणून हिणवणाऱ्यांनी एकदा खूप वजन उतरलेल्या माणसाच्या पोटावरची लोंबणारी कातडी पाहावी. त्या घडीत उन्हाळाभर घाम साचतो, कातडी सोलवटते, बुरशी होते, पँट नीट बसत नाही, चालताना ओढ लागते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांनी १८९९मध्ये पोटावरची अशी लोंबती कातडी आणि चरबी कापून काढली. या शस्त्रक्रियेच्या इतिहासातलं ते सुरुवातीचं नाव. त्यांच्यापुढे होतं ते रोजच्या जगण्याला जड झालेलं पोट.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. पोट कशामुळे पुढे आलं आहे हे न तपासता ते कापायची तारीख दिली जाते.

पोट पुढे येतं ते मुख्यतः तीन कारणांनी. एक, कातडी सैल पडलेली असते आणि तिच्याखाली चरबी असते. ती चिमटीत धरता येते. दोन, पोटाच्या मधोमध उभे असलेले दोन स्नायू एकमेकांपासून लांब गेलेले असतात आणि मधल्या पातळ पडद्यातून पोट पुढे येतं. तीन, चरबी स्नायूंच्या आत, यकृताभोवती आणि आतड्यांच्या पदराला साचलेली असते. ते पोट टणक लागतं आणि चिमटीत फारसं येत नाही. टमी टक पहिल्या दोन्हींवर चालते. तिसऱ्यावर ती काहीही करू शकत नाही, कारण शल्यचिकित्सक स्नायूंच्या आत जातच नाही.

आणि आपल्याकडे तिसरंच पोट भरपूर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्यातले कित्येक जण हातापायांनी काटकुळे आणि पोटाने मोठे का असतात, आणि वजनकाट्यावर सगळं ठीक दिसत असताना मधुमेह का होतो, हे त्या एका पानाने जगाला दाखवलं. बारीक हातपाय आणि टणक, गोल पोट असलेल्या चाळिशीतल्या पुरुषाला टमी टक सुचवणारा डॉक्टर त्याची फसवणूक करतो आहे. त्या पोटावर इलाज आहे तो रोजचं चालणं, ताटातला भात-पोळी आणि बाटलीतलं पेय कमी करणं, झोप, गरज पडली तर औषध. ते कंटाळवाणं आहे आणि खरं आहे.

“चरबी काढली की शुगरही उतरेल” हे वाक्य कोणी तुमच्यापुढे टाकलं तर तिथून उठा. अमेरिकेत सॅम्युअल क्लाइन आणि सहकाऱ्यांनी १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची चरबी लायपोसक्शनने काढली. थोडीथोडकी नाही, प्रत्येकीची सरासरी ९ ते १० किलो. दहा-बारा आठवड्यांनी पुन्हा तपासलं. इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद, रक्तदाब, रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल, कशातही दखल घेण्याजोगा फरक नव्हता. हेही २००४मध्येच, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालं. कातडीखालची चरबी काढल्याने आकार बदलतो, आजार हटत नाही. टमी टकमध्ये तर वजनही फार उतरत नाही. ज्यांना काट्यावरचा आकडा बदलायचा आहे त्यांनी या दारात येऊच नये.

आता दुसरं पोट. बाळंतपणानंतरचं.

पोटाच्या स्नायूंमधल्या फटीला डॉक्टर डायस्टॅसिस म्हणतात. गरोदरपणात वाढणाऱ्या गर्भाशयाला जागा करून देताना स्नायू बाजूला सरकतात, त्यात कोणाचा दोष नसतो. नॉर्वेत ३०० पहिलटकरणींना बाळंतपणानंतर वर्षभर तपासलं गेलं आणि २०१६मध्ये आकडे प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनी ६० टक्के बायकांमध्ये फट होती, सहा महिन्यांनी ४५ टक्के, वर्षाने सुमारे ३३ टक्के. म्हणजे ज्यांना सहाव्या आठवड्यात फट होती त्यांपैकी बऱ्याच जणींची ती वर्षभरात कसल्याही कापाकापीशिवाय मिटली. तिसऱ्या महिन्यात “तुमचे मसल्स गेलेत, सर्जरीच लागेल” असं सांगणाऱ्याला हे आकडे ठाऊक नाहीत किंवा ते तुम्हाला ठाऊक व्हायला नको आहेत. वर्ष जाऊ द्या. फिजिओथेरपिस्टकडे जा आणि खोलवरच्या पोटस्नायूंचे आणि ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम शिका. फट राहिलीच, पाठ दुखत राहिली, पोटाला आधार वाटेनासा झाला तर शस्त्रक्रियेचा विचार जरूर करा. टमी टकचा खरा भक्कम भाग तोच आहे: ते दोन स्नायू आतून टाके घालून पुन्हा जवळ आणले जातात.

आणि आजी-आत्यांनो, “तेव्हा पोट बांधलं नाहीस म्हणून सुटलं” हे बोलणं सोडा. बाळंतिणीला सुती लुगड्याने किंवा पट्ट्याने पोट बांधल्यावर बरं वाटतं, कंबरेला आधार मिळतो, हे खरं. पण पट्टा फाकलेले स्नायू शिवत नाही. करकचून बांधला तर दाब खाली जातो आणि तिथले कमजोर झालेले स्नायू आणखी ताणले जातात. जिने बांधलं तिचंही पोट राहतं, जिने नाही बांधलं तिचंही कधी कधी पूर्ववत होतं. बाईच्या पोटाचा हिशेब तिच्या आळसाशी जोडू नका. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी यांत प्रेम आहे. टोमण्यात नाही.

सिझेरियनवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झालेली आढळली. खाजगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. म्हणजे टमी टकचा विचार करणाऱ्या कितीतरी बायकांच्या पोटावर आधीच एक व्रण आहे. सिझेरियनचा आडवा व्रण सहसा अडचणीचा नसतो, तो काढल्या जाणाऱ्या कातडीबरोबर जातोच. अडचण होते ती वरच्या व्रणाची. पित्ताशयाची जुनी, उघडी शस्त्रक्रिया झाली असेल तर उजव्या बरगड्यांखाली तिरका व्रण असतो. टमी टकमध्ये पोटाची कातडी बरगड्यांपर्यंत सोडवून खाली ओढतात, आणि मग तिला रक्त मिळतं ते मुख्यतः वरून आणि बाजूने. तिथेच जुना व्रण आडवा आला तर खालच्या कातडीला रक्त कमी पडून ती काळी पडू शकते. त्यामुळे पोटावर पूर्वी जे जे झालं, हर्निया, दुर्बिणीची शस्त्रक्रिया, सगळं सांगा आणि दाखवा. ज्या डॉक्टरने तुम्हाला तपासणीच्या टेबलावर न झोपवता, कपड्यांवरून बघून तारीख दिली त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

नेमकं करतात काय? एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्या कमरेच्या हाडापर्यंत, ओटीपोटाच्या खालच्या कडेला चीर देतात. कातडी वर उचलतात, बेंबी तिच्या देठासकट मागे ठेवतात, स्नायू जवळ आणून ब्लाउजला आतून टीप मारावी तसे शिवतात, कातडी खाली ओढून जास्तीची कापतात आणि बेंबीसाठी नवं भोक पाडतात. मिनी टमी टकमध्ये चीर लहान असते आणि बेंबीला सहसा हात लावत नाहीत. ती ज्यांची सैल कातडी फक्त बेंबीखाली आहे त्यांच्यासाठी. पूर्ण शस्त्रक्रियेला साधारण दोन ते चार तास लागतात, बहुतेक वेळा पूर्ण भूल देऊन.

व्रण राहतो. कायमचा. तो किती लांब असेल हे शस्त्रक्रियेच्या आधी स्वतःच्या पोटावर पेनाने काढून दाखवायला सांगा, उभं राहून आणि बसून. परकराची नाडी किंवा सलवारीचं इलॅस्टिक नेमकं त्यावर येणार का, तेही तेव्हाच बघा. नेहमीचा परकर बरोबर घेऊन जा, लाजू नका. आपल्या कातडीवर व्रण जाड होण्याची, काळपट पडण्याची शक्यता गोऱ्या कातडीपेक्षा जास्त असते. कान टोचल्यावर गाठ आली होती, लसीच्या जागी फुगीर डाग आहे, असं असेल तर ते आवर्जून सांगा. व्रण निवायला वर्ष-दीड वर्ष लागतं. फोटोंतली गुळगुळीत पोटं कितव्या महिन्यातली आहेत हे फोटोखाली कधीच लिहिलेलं नसतं.

बेंबीखालची कातडी बधिर होते. काही महिने, काहींची कायमची थोडी. याचा एक धोका आपल्या घरांत मोठा आहे: दुखलं की शेक. बधिर पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवली तर चटका कळत नाही आणि कातडी भाजते. घरातल्या शेकणाऱ्या मंडळींना आधीच बजावून ठेवा.

आता तंबाखू. डॉक्टर विचारतात, “स्मोकिंग?” बाई म्हणते, “छे!” आणि खरंच ती सिगारेट ओढत नाही. पण सकाळी मिश्री लावते. महाराष्ट्रात हे इतकं घरगुती आहे की त्याला तंबाखू म्हणायचं कोणाच्या मनातही येत नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू आणि निकोटीन हिरड्यांतूनही रक्तात जातं. ते बारीक रक्तवाहिन्या आकसवतं आणि ताणून शिवलेल्या पोटाच्या कातडीला नेमकं रक्तच हवं असतं. शिवण उसवणं, कड काळी पडून गळणं, जंतुसंसर्ग, हे सगळं तंबाखू घेणाऱ्यांत जास्त होतं. आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे, हे किमान. मिश्री, गुटखा, तपकीर, निकोटीनची चघळायची गोळी, सगळं धरून. डॉक्टरांनीही प्रश्न बदलावा. “तंबाखू कुठल्या रूपात घेता?” असं विचारायला फार तर तीन शब्द जास्त लागतात.

तसंच गोळ्यांचं. गर्भनिरोधक गोळ्या, पाळी थांबल्यानंतरची हार्मोन्स, आणि गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला घेतलेली गोळी. तिला औषध समजतच नाहीत, दुकानातून कोणीही आणून देतं. या गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढू शकतो. “पाळी नेमकी ऑपरेशनच्या दिवशी येणार” म्हणून स्वतःच्या मनाने ती गोळी घेऊ नका. पाळीत शस्त्रक्रिया करायची की नाही ते डॉक्टरांना विचारा.

आणि वजन कमी करायची इंजेक्शनं. सेमाग्लुटाइड, टर्झेपाटाइड, म्हणजे लोकांच्या तोंडी ओझेम्पिक आणि मौंजारो. या औषधांनी जठर सावकाश रिकामं होतं. रात्रभर उपाशी राहूनही पोटात अन्न राहू शकतं आणि भुलीत ते उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने जून २०२३मध्ये आठवड्याचं इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी थांबवायची सूचना दिली होती. त्यानंतर रुग्ण पाहून निर्णय घ्यावा असा सल्ला आला. मधुमेहासाठी ते चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका. पण भूलतज्ज्ञापासून लपवू नका. कोणी गुपचूप ही इंजेक्शनं घेत असेल तर ते गुपित नातेवाइकांपासून ठेवा, भूलतज्ज्ञापासून नको. आणि वजन अजून उतरतच असेल तर टमी टकची घाई नको. किमान सहा महिने वजन स्थिर राहू द्या. लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झाली असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबा. मूल हवं असेल तर टमी टक नंतर करा. नंतर गरोदर राहता येतं, पण शिवलेलं पोट पुन्हा ताणलं जातं आणि पैसे वाया जातात.

पैशांवरून आठवलं. आरोग्य विम्यात सौंदर्यशस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीय गरज असेल तरच अपवाद. वैद्यकीय उपचारांना जीएसटीतून सूट आहे, सौंदर्यशस्त्रक्रियेला ती सूट नाही. दरपत्रक मागा आणि त्यात शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, खोली, पट्टा, औषधं आणि कर वेगवेगळे लिहून घ्या. काही बिघडलं आणि पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागलं तर खर्च कोणाचा, हेही लिहून घ्या. विमा कंपनी गुंतागुंतीचा खर्च देईलच असं धरून चालू नका. २०२१मध्ये महाराष्ट्राने शुश्रूषागृह नोंदणीचे नियम बदलले. त्यांनुसार खाजगी रुग्णालयात रुग्णहक्कांची सनद आणि दर लावलेले असायला हवेत. भिंतीकडे बघा. नसेल तर विचारा.

कोणाकडे जायचं? भारतात प्लास्टिक सर्जन होण्याचा सरळ रस्ता असा: एमबीबीएस, मग जनरल सर्जरीत एमएस किंवा डीएनबी, मग प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीआरएनबी. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’, ‘एस्थेटिक फिजिशियन’ अशा पाट्यांवरून पोट कापायची पात्रता ठरत नाही. डॉक्टरांचं नाव महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदीत सापडतं का ते पाहा. कापणारा हात सल्ला देणाऱ्याचाच असणार का? भूलतज्ज्ञ कोण, तो शेवटपर्यंत थांबणार का? अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का, नसेल तर कुठे नेणार? हे प्रश्न विचारल्यावर जो डॉक्टर चिडतो तो तुमचा डॉक्टर नाही.

संमतीपत्र घरी नेऊन वाचा. थिएटरच्या दाराशी, हातात सलाइनची सुई असताना सही करू नका. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये स्पष्ट केलं की तपासणीसाठी दिलेली संमती वेगळ्या शस्त्रक्रियेला चालत नाही, आणि जिवावर बेतलेलं नसताना बेशुद्ध पडलेल्या सज्ञान बाईच्या वतीने तिच्या आईने दिलेली संमतीही चालत नाही. “आत गेल्यावर बघू, थोडी मांड्यांचीही चरबी काढू” हे कागदावर नसेल तर ते करायचं नाही, असं स्वच्छ सांगा. सही तुमची. नवऱ्याची नव्हे. आणि नवऱ्याच्या किंवा सासूच्या बोलण्यासाठी तुम्ही तिथे गेला असाल तर घरी परत या. त्या बोलण्यावर पोटाची शस्त्रक्रिया हा उपाय नाही.

शस्त्रक्रियेआधी प्रकृती तपासून दिल्या जाणाऱ्या फिटनेसच्या कागदाबद्दल मात्र मला थोडं थांबून बोलायचं आहे. नोव्हेंबर २००७मध्ये डोंडा वेस्ट, शिकागोत इंग्रजी शिकवलेल्या ५८ वर्षांच्या प्राध्यापिका आणि गायक कान्ये वेस्ट यांच्या आई, कॅलिफोर्नियात एकाहून जास्त सौंदर्यशस्त्रक्रिया एकाच बैठकीत करून घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आणि शस्त्रक्रियेनंतरच्या अनेक बाबी यांची नोंद झाली. आधी ज्या एका शल्यचिकित्सकाकडे त्या गेल्या होत्या त्याने प्रकृतीची तपासणी करून आणल्याशिवाय हात लावणार नाही असं सांगितलं होतं. २००९मध्ये कॅलिफोर्नियाने त्यांच्या नावाने कायदा केला: सौंदर्यशस्त्रक्रियेच्या आधीच्या ३० दिवसांत शारीरिक तपासणी आणि लेखी परवानगी नसेल तर शस्त्रक्रिया नाही. आपल्याकडे लोक ‘नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरला भित्रा ठरवतात आणि ‘या सोमवारी’ म्हणणाऱ्याकडे जातात. नाही म्हणणारा डॉक्टर भेटला तर त्याचे आभार माना. ईसीजी, रक्त, साखरेची तीन महिन्यांची सरासरी, हृदयाची तपासणी त्याने सांगितली असेल तर ती करून त्याच्याकडेच परत जा.

मे २०२२मध्ये बंगळुरूत २१ वर्षांची एक कन्नड अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर गेली. ती टमी टक नव्हती. पण आई-वडिलांना न सांगता ती मुलगी शस्त्रक्रियेला गेली होती, अशा बातम्या तेव्हा आल्या. घरी टिंगल होईल म्हणून मुली एकट्या जातात. ज्या घरात पोटावरून बोललं जातं त्या घराने हे मनाला लावून घ्यावं. आणि जाणाऱ्या मुलीने एकाला तरी सांगावं. मैत्रीण, भाऊ, कोणीही. रात्री दवाखान्यात धावेल असं माणूस.

घरी आल्यावरचे सहा आठवडे कोणाच्या भरवशावर, हे तारखेच्या आधी ठरलं पाहिजे. पहिला आठवडा कमरेत वाकून चालावं लागतं. पोटातून नळ्या बाहेर काढलेल्या असू शकतात आणि त्यात जमणारं पाणी रोज मोजायचं असतं. नळ्या काढल्यावरही कातडीखाली पाणी साचू शकतं आणि सुईने काढावं लागतं. ही सर्वांत नेहमीची गुंतागुंत आहे. चोवीस तास घट्ट पट्टा, काही आठवडे. विदर्भातल्या मे महिन्यात तो पट्टा कसा सोसायचा याचा विचार तारीख घेतानाच करा. पाण्याची बादली नाही, गॅसचं सिलिंडर नाही, खाली बसून फरशी पुसणं नाही. भारतीय पद्धतीच्या संडासावर बसणं सुरुवातीला जमत नाही, कमोडची सोय बघा. आणि दोन वर्षांचं मूल कडेवर घ्यायचं नाही. ते रडणार, हात वर करणार. त्याला उचलायला घरात दुसरा हात नसेल तर मूल मोठं होईपर्यंत थांबा. “आठ दिवसांत कामाला लागाल” हे वाक्य ज्याने सांगितलं त्याने तुमच्या घरातलं काम कधी पाहिलेलं नाही.

परदेशातून डिसेंबरच्या सुट्टीत येऊन, लग्नं उरकून, पुण्या-मुंबईत स्वस्तात टमी टक करून दोन आठवड्यांत परतायचा बेत आखणाऱ्यांनो, तो बेत मोडा. रक्ताची गुठळी होण्याच्या धोक्यात ही शस्त्रक्रिया सौंदर्यशस्त्रक्रियांमध्ये सर्वांत वरच्या गटात मोडते. स्नायू ओढून शिवल्याने पोटातला दाब वाढतो, पायांतलं रक्त वर यायला अडतं, दुखतं म्हणून माणूस हलत नाही. त्यावर सोळा तासांचं विमान लादायचं नाही. लांबच्या प्रवासाआधी काही आठवडे इथेच राहायला हवं, आणि नेमके किती ते तुमच्या शल्यचिकित्सकाने ठरवायचं, तिकिटाच्या दराने नाही. शस्त्रक्रियेच्याच दिवशी संध्याकाळी कोणाचा हात धरून चार पावलं चाला. रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन तुम्हाला लागणार का, हे आधी विचारून ठेवा.

आणि दवाखान्यातून निघताना रात्री उचलला जाईल असा फोन नंबर घ्या. रिसेप्शनचा नको, डॉक्टरांचा. एका पायाची पोटरी दुखायला, सुजायला लागली, एकाएकी धाप लागली, छातीत कळ आली, चक्कर आली, तर सकाळची वाट पाहायची नाही, गॅसेस म्हणून ओवा खायचा नाही, पाय दाबून घ्यायचा नाही. १०८ला फोन करायचा, अतिदक्षता विभाग असलेलं जवळचं मोठं रुग्णालय गाठायचं आणि दारातच सांगायचं: माझ्या पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे, अमुक तारखेला.